हातावरचा कागद

९ जानेवारी १९५७
नाडी १२४.

मंगरूळच्या दवाखान्यातले डॉक्टर सैफुद्दीन यांनी मला ही वही धरायला लावली. रोज नाडी मोजायची. राग आला तर का आला, आणि मग काय केलं, ते खरं लिहायचं. खोटं लिहायचं असेल तर शाई वाया घालवू नका, म्हणाले. मी शेलूबाजारच्या कोंडवाड्याचा मुन्शी आहे. बारा वर्षं प्रत्येक मोकाट ढोराचा रंग, शिंगं आणि डाग रजिस्टरात बरोबर लिहीत आलो. मला खरं लिहायला शिकवायची गरज नाही.

तर खरं असं. गेल्या सोमवारी तांड्यावरचा हेमला आपला पांढरा बैल सोडवायला आला. बैल दुसऱ्याच्या तुरीत शिरला होता. हेमला कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "मुन्शीजी, दोन दिवस झाले, बैलाले पानी तरी पाजलं का?" बोलला एवढंच. माझ्या कानशिलात रक्त उसळलं. फाटकाचा अडसर काढून मी त्याच्या खांद्यावर घातला. वाळकी तुराटी मोडावी तसा हाडाचा आवाज आला. तो खाली बसला, तेव्हा दुसरा घातला. तिसरा आमचा चौकीदार फय्याज याने मध्ये पडून स्वतःच्या हातावर घेतला.

कोंडवाडा चालवणाऱ्या जनपद सभेने मला कामावरून दूर केलं आहे. हेमला मात्र कचेरीत गेला नाही. तांड्याच्या लोकांना कचेरीची भीती वाटते. सुंठीवाचून खोकला गेला.

डॉक्टरांकडे फय्याजचा हात दाखवायला गेलो होतो. त्यांनी हाताकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहिलं. मला म्हणाले, हात पुढे करा, बोटं पसरा. मग पालथ्या हातावर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. भूक विचारली: आठ भाकरी खातो आणि तरी धोतर सैल होतं. थंडीत घाम येतो. डोळे वटारल्यासारखे दिसतात, असं लोक म्हणतात. डॉक्टर म्हणाले, गळ्यात एक ग्रंथी असते, ती तुमची पेटली आहे; तीच तुम्हाला आतून पळवते आहे. मुंबईला एका मोठ्या इस्पितळात यावर नवं औषध निघालं आहे, मी चिठ्ठी देतो.

माझा विश्वास नाही. राग येण्यासारखं लोक वागतात म्हणून राग येतो.

१५ जानेवारी
नाडी १३०.

काल संक्रांत. सकाळी अमीनाबी बांगड्यांची पेटी घेऊन आली आणि माझी बायको ललिता हिच्या हातात हिरव्या रेशमी बांगड्या भरून गेली. दुपारी ललिताने तिळगूळ दिला आणि म्हणाली, "गोड बोला." त्यात हसण्यासारखं काय होतं? ती हसली. मी तिचा हात धरून चुलीपाशी आपटला, मग थोबाडीत दिली, मग केस धरले. बांगड्या सगळ्या फुटल्या. मनगटात काच घुसली, रक्त तिळगुळाच्या ताटात पडलं. आमची कमली सात वर्षांची आहे. ती कणगीमागे जाऊन बसली.

आज अमीनाबीला पुन्हा बोलावून आणलं. काहीही झालं तरी बायकोचा हात मी कधी रिकामा ठेवला नाही, हे गावात कोणालाही विचारावं. फोडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी भरून दिल्या आहेत. अमीनाबी भरताना माझ्याकडे पाहत नव्हती.

कमलीने काल संध्याकाळी चुलीपाशी पडलेले सगळे तुकडे वेचून आपल्या डब्यात टाकले. डबा आधी ललिताचा होता; लग्नापासूनचे तुकडे ती त्यातच टाकत आली. काचापाणी खेळायला तिच्याएवढी काच आळीतल्या एकाही पोरीकडे नाही. बाकीच्या पोरी तिच्या मागे मागे फिरतात.

२३ जानेवारी
नाडी १२८.

ललिताला तिचा भाऊ जगदेव आसेगावला घेऊन गेला. कमलीलाही नेलं. मी घरी नव्हतो, कोंडवाड्यावर गेलो होतो. नव्या मुन्शीने मला आत येऊ दिलं नाही. मी लोखंडी फाटकावर मुठी मारल्या. बोटांच्या पेरांवरची कातडी निघाली, एका ठिकाणी पांढरं दिसायला लागलं, तरी मारत होतो. फय्याजने मागून कवळा घालून ओढलं. त्याला मी कोपराने नाकावर मारलं, तरी त्याने सोडलं नाही. मग त्यानेच घरी नेऊन जखमेवर टिंक्चर आयोडिन ओतलं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ ओतत जा म्हणाला. त्याच्या स्वतःच्या नाकातून रक्त वाहत होतं.

घरी आलो तर चूल थंड. शेजारणीकडे जगदेवचा निरोप होता: "मुन्शीले सांगा, बिमारी असन तर बरे होऊन या. इस्पितळाचा कागद आना. पाच मानसांत वाचू, मंग बाईले धाडू."

हे मला पटलं. कागदाला कागद असला की भांडण मिटतं. जातो मुंबईला.

५ फेब्रुवारी, मुंबई
नाडी १२६.

मूर्तिजापूरला गाडीत बसलो. वाटेत एकाशी खिडकीवरून मारामारी झाली, ती लिहीत नाही. त्याचा दात गेला.

इस्पितळात तळघरासारख्या खोलीत हा विभाग आहे. काल सकाळी एका छोट्या ग्लासात पाणी दिलं. रंग नाही, वास नाही, चव नाही. मी म्हणालो, यात औषध कुठे आहे? तिथले तरुण डॉक्टर म्हणाले, यात आयोडिन आहे, पण साधं नव्हे, किरणं टाकणारं. गळ्यातली ग्रंथी आयोडिनची हावरी असते. दिसलं की ओढून घेते. जेवढी जास्त पेटलेली, तेवढी जास्त हावरी. उद्या या, तिने किती ओढलं ते आम्ही बाहेरून मोजू.

आज पलंगावर आडवं केलं आणि गळ्यासमोर एक नळी आणली. नळी अंगाला लागली नाही, तरी यंत्र टकटक करायला लागलं. माझ्या गळ्यातून आवाज निघतो आणि मला ऐकू येत नाही, यंत्राला येतो, याची मला भीती वाटली. पण डॉक्टरांनी आकडा पाहून कपाळाला आठी घातली. आकडा फार कमी होता. डोळे, नाडी, वजन सगळं एक सांगतं आणि यंत्र दुसरंच. मग त्यांनी माझ्या मुठीवरचे पिवळे-तपकिरी डाग पाहिले. "जखमेला काय लावता?"

टिंक्चर आयोडिन, म्हणालो. त्यांनी लेखणी खाली ठेवली. कातडीतून ते आयोडिन आत जाऊन ग्रंथीचं पोट आधीच भरलं होतं. आमच्या पाण्याला तिने तोंडच लावलं नाही. ते डाग पूर्ण जाऊ द्या, सहा आठवड्यांनी या, म्हणाले. विलायतेहून विमानाने औषध येतं, तेही दर आठ दिवसांनी अर्धं होत जातं, ते ठेवून देता येत नाही. त्यामुळे नेमलेल्या तारखेलाच या.

फाटकावर मुठी मारल्या म्हणून सहा आठवडे. हे ऐकून मी समोरच्या वॉर्डबॉयचा गळा धरला. त्याने काहीच केलं नव्हतं. तो फक्त जवळ होता. तिघांनी सोडवला. डॉक्टर रागावले नाहीत. मला पाणी देऊन म्हणाले, "मुन्शीजी, हे तुम्ही नाही करत. ही ग्रंथी करवते."

हे वाक्य मी तीनदा म्हणवून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, आजार कधीपासून? मी बरोबर सांगितलं: पंचावन्नच्या दसऱ्यापासून, त्याच सुमारास धोतर सैल झालं आणि छाती धडधडायला लागली. लिहून घ्या, म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं.

२० फेब्रुवारी
नाडी १२८.

मन हलकं झालं आहे. जो भेटेल त्याला सांगतो की मी मारत नव्हतो, ग्रंथी मारत होती. सांगताना काही लोक हसतात. आज किराणा दुकानात एक जण म्हणाला, "नाचता येईना, अंगन वाकडं." त्याचं डोकं तेलाच्या डब्यावर आपटलं. भुवई फाटली. पण त्याचं मला पूर्वीसारखं वाईट वाटलं नाही, कारण कोणी मारलं ते आता मला माहीत आहे.

फय्याज म्हणाला, "मुन्शीजी, गिरंथीले सांगा ना, थानेदाराले बी एकडाव मारून पाह्य म्हना. गरिबालेच काहून मारते?" त्याला मारलं नाही. त्याचं नाक अजून सुजलेलं आहे.

२४ मार्च, मुंबई
नाडी १३२. वजन १०१ पौंड.

या वेळी यंत्र टकटक न करता ओरडतच होतं. शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग ग्रंथीने ओढले. डॉक्टर म्हणाले, आता शंका नाही. इतकी हावरी असेल तर तिच्याच हावरेपणाने तिला मारू. मोठी मात्रा देऊ, ती सगळी ओढून घेईल आणि आतून जळेल. बाकी अंगाला फारसा धक्का लागणार नाही.

शिशाच्या जाड भांड्यातून नळीने प्यायलो. देणारा माणूस शिशाच्या विटांच्या भिंतीमागे उभा होता. कोंडवाड्यात मारक्या सांडाला कडबा टाकताना आम्ही असेच आडोशाला उभे राहतो.

मग चार दिवस एका खोलीत एकटा. लघवी वेगळ्या बाटल्यांत, थाळी वेगळी, दारावर लाल पाटी. नर्स दुरून थाळी सरकवून जायची. पहिल्या दिवशी मी थाळी भिंतीवर फेकली. दुसऱ्या दिवशी पलंगाची दांडी उपटली. पण मारायला कोणी नव्हतं. चार दिवस मारायला कोणी नसणं हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

निघताना बजावलं: पंधरा दिवस लहान मुलाला मांडीवर घेऊ नका. महिनाभर त्रास वाढेल. ग्रंथी मरताना साठवलेलं सगळं एकदम अंगात ओतते. नंतर उतरेल. मी विचारलं, वडीलही फार तापट होते, त्यांचीही ग्रंथीच असेल का? त्यांनी विचारलं, डोळे असे होते? कागद हलायचा? मी म्हणालो, नाही, वडील धिप्पाड होते, हात दगडासारखा स्थिर. त्यांनी माझा कागद मिटला आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं.

१० एप्रिल
नाडी १४०.

डॉक्टरांचं खरं झालं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलं. उन्हाने अंगाची लाही होते, छातीत बडवल्यासारखं होतं. आज म्हैस दूध देईना. कमली आणि ललिता असताना ती देते. मुसळ घेऊन तिच्या डोक्यात घातलं. एक शिंग मुळातून मोडून लोंबलं. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली. ती गुडघ्यांवर बसली आणि ओरडायची राहिली. मी आणखी किती घातले ते मोजले नाहीत. फय्याज आला तेव्हा मुसळ माझ्या हातातून निसटलं होतं आणि मी तिच्याशेजारी शेणात बसलो होतो.

फय्याजने शिंग कापून हळद भरली. म्हैस वाचली. मला तिच्या डोळ्यांत बघवत नाही.

पंधरा दिवस होऊन गेले, कमलीला मांडीवर घ्यायला आता हरकत नाही. पण कागद अजून मिळायचा आहे.

३० मे
नाडी ९६. वजन ११२.

रात्रभर झोप लागली. तीन भाकऱ्यांत पोट भरलं. आज दुकानात कोणीतरी मागून धक्का दिला आणि मी बाजूला सरकलो. बाजूला सरकून झाल्यावर मलाच नवल वाटलं.

७ जुलै
नाडी ८०. वजन १२१.

बाजाराच्या दिवशी हेमला दिसला. डावा खांदा खाली गेला आहे, हात डोक्यापर्यंत जात नाही. बायको रामीबाई त्याच्या वाट्याचं ओझं घेऊन चालत होती. मी पुढे होऊन त्याला सगळं समजावलं: मुंबई, यंत्र, शिशाचं भांडं, ग्रंथी. त्याने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "तुमची गिरंथी बरी झाली, चांगलं झालं मुन्शीजी. मंग माहा खांदा काहून वाकडा राह्यला?"

रामीबाई त्याला ओढून घेऊन गेली. अडाणी माणूस. त्याला समजावणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता.

१२ ऑगस्ट
नाडी ७४. वजन १२८.

मुंबईहून कागद घेऊन आलो. शिक्का आहे, सही आहे. डॉक्टरांनी मराठीत लिहून दिला: रुग्ण दौलतराव यांचा आजार ऑक्टोबर १९५५ पासून होता, किरणोत्सारी आयोडिनने उपचार केले, आता ते पूर्ण बरे आहेत. आजार कधीपासून ते त्यांनी या कागदात आधी घातलं नव्हतं. मीच हट्टाने घालायला लावलं. कागद अर्धवट असला की विरोधी पक्षाला फट सापडते, हे मी कोंडवाड्यात शिकलो आहे.

मंगरूळला डॉक्टर सैफुद्दीन यांनी पुन्हा हातावर कोरा कागद ठेवला. हलला नाही. ते मनापासून आनंदले आणि मला चहा पाजला. कामावर परत घेण्याबद्दल जनपद सभेला चिठ्ठीही दिली.

पोळ्याआधी ललिताला आणतो. म्हशीच्या उरलेल्या शिंगाला रंग लावून ठेवला आहे.

१८ ऑगस्ट
नाडी सकाळी ७२.

आज आसेगावला गेलो. जगदेवच्या अंगणात पाच माणसं बसली होती, सासू भुरीबाई दारात, ललिता तिच्या मागे. ललिताच्या अंगावर मांस चढलं आहे. हातात पिवळ्या बांगड्या होत्या, जानेवारीत अमीनाबीने भरल्या त्याच, एकही टवका न गेलेल्या. कमली खांबाला धरून उभी होती. मी हात पुढे केले तर ती आली नाही. लाजते, सवय मोडली असेल.

जगदेवने कागद मोठ्याने वाचला. पाच जणांनी माना हलवल्या. एक म्हातारा म्हणाला, "एवढा मोठा शिक्का हाय, आता बाईनं काय अडून बसावं?" भुरीबाई म्हणाली, "जवाईबापू, पोरीले पुन्हा हात तं लावनार नाई ना?" मी म्हणालो, हात लावणारी मेली. मुंबईला जाळून आलो. सगळे हसले. मलाही बरं वाटलं.

मग ललिता बोलली. दहा वर्षांत चार माणसांत ती पहिल्यांदाच बोलली. "भाऊ, कागदावर बिमारी कवापासून लिहेल हाय, ते अजून एकडाव वाच."

जगदेवने वाचलं. पंचावन्नचा दसरा.

"कमले, तुहा डबा आन."

कमलीने काचांचा डबा आणून दिला. ललिताने पदर पसरला आणि डबा त्यावर रिकामा केला. दोन मुठी भरून तुकडे, सगळ्या रंगांचे. ती एकेक उचलून बाजूला ठेवायला लागली. आवाज चढवला नाही, रडली नाही. तांदूळ निवडताना बोलतात तशी बोलत होती.

"हे हिरवे या संक्रांतीचे. गिरंथीचे. हे जांभळे गेल्या सालच्या आखाडीचे, हे बी गिरंथीचेच. हे दोन त्याच्या आधीचे." एवढ्यांचा एक लहान ढीग झाला. बाकीचे पदरातच होते.

"हे लाल, कमली पोटात होती तवाचे. तवा पोटावर लात मारली होती. हे निळे, माहा दात पाडला त्या सालचे. हे पिवळे, भाकर करपली होती. हे माह्या लगनाच्या चुड्याचे. हळद बी उतरली नव्हती." तिने लहान ढीग माझ्याकडे सरकवला. "हे तुमच्या गिरंथीनं फोडले, मी मोजत नाई. तिले मी माफ केलं. आता हे सांगा. हे कोनं फोडले?"

म्हातारा जमिनीकडे पाहत होता. माझी छाती धडधडली नाही. कानशिलात रक्त उसळलं नाही, घाम आला नाही. पाच माणसांसमोर बायकोने तोंड उघडलं, एवढंच मनात आलं, आणि माझा हात वर गेला.

कमलीने कोपर तोंडावर घेतलं आणि खाली बसली. तिने माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. तिला हात उचलल्याचं आधीच कळतं. ललिता हलली नाही. जगदेव उठला, पण त्याला माझा हात धरावा लागला नाही. हात हवेतच राहिला होता आणि मी त्याच्याकडे पाहत होतो. मग मी तो खाली घेतला.

ललिताने तुकडे पदरात बांधले. "जा तुमी," म्हणाली. "कागद घेऊन जा. माह्या काही कामाचा नाई तो."

कोणी तिला अडवलं नाही. मी जगदेवच्या हातातून कागद घेतला आणि निघालो. गावाबाहेर सडकेवर मोटारीची वाट पाहत मैलाच्या दगडावर बसलो. नाडी मोजली, बहात्तर. मग उजवा हात पुढे केला, बोटं पसरली, आणि इस्पितळाचा तो कागद त्याच्यावर ठेवून बराच वेळ पाहत राहिलो. कागद हलला नाही.